काटा उलटा फिरत होता: सांवेरच्या जुन्या ट्रॅक्टरच्या चार्जिंगचं प्रकरण

आमच्या काकांचा ट्रॅक्टर 1974 चा, म्हणजे वयाने माझ्यापेक्षा मोठा आणि घरात मानही साधारण तेवढाच. तीन सिलिंडर, 35 हॉर्सपॉवर, जुनं विलायती डिझाइन, आल्टरनेटर वगैरे भानगड नाही, फॅनबेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा डायनमो आणि बोनटच्या आत पत्र्यावर बसवलेला काळ्या झाकणाचा एक डबा, ज्याला गावात सगळे कटआऊट म्हणतात. शेत सांवेर तहसिलीत, इंदूरहून उज्जैन रोडने निघालं की धरमपुरीच्या पुढे कच्च्या रस्त्याने आत. काळी माती, पावसाळ्यात सोयाबीन, मग गहू, थोडा लसूण, म्हणजे माळव्यात सगळ्यांचं असतं तेच.

मी काही ट्रॅक्टरवाली नाही. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि इंदुरात इन्व्हर्टर-यूपीएस रिपेअरिंगचं काम करते, त्यामुळे खानदानात कुठेही वायर जळाली की फोन मला. नोव्हेंबरात काकांचा आला. "अगं, बॅटरी परत बसली. जूनमध्येच तर घेतलीय. आणि गंमत बघ, चार्जिंग तर होतंय, लाइट लावले की काटा मस्त प्लसकडे जातो, पण सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक."

काकांचं हे वाक्य लक्षात ठेवा (काटा म्हणजे अँमीटरचा, बॅटरीत करंट जातोय की बाहेर येतोय ते दाखवणारा). मी नाही ठेवलं, हसून सोडून दिलं, आणि त्यामुळे माझा जवळजवळ अर्धा दिवस वाया गेला.

आधीचा इतिहास असा. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर जुनी बॅटरी मेली, तिला सहा वर्षं झाली होती, तक्रार करायला जागा नव्हती. नवी 88 अँपिअर-अवरची घेतली, दुकानातला पोरगा येऊन बसवून गेला. जुलैत बॅटरी उतरायला लागली. गावातल्या मिस्त्रीने डबा उघडला, आतले पॉइंट काळे झालेले होते ते पॉलिश पेपरने घासले, एक स्क्रू आवळला आणि "चार्जिंग बढ़ा दिया" म्हणून सांगितलं. चार दिवसांनी परत तेच. ऑगस्टमध्ये चुलत भावाने डायनमो उतरवून इंदूरला एका ऑटो इलेक्ट्रिकवाल्याकडे नेला. त्याने कार्बन बदलले, बेंचवर फिरवून दाखवला, भावाच्या डोळ्यादेखत करंट दिला, "डायनमो एकदम टनाटन, भिया". परत आणून बसवला, परत तेच. सप्टेंबरात नवीन कटआऊट. आठवड्याच्या आत त्याचेही पॉइंट काळे. बॅटरी दुकानात नेली तर त्यांनी रात्रभर चार्ज करून, लोड टेस्टरवर दाखवून परत दिली, बॅटरी चांगली आहे, घेऊन जा. म्हणजे बॅटरी चांगली, डायनमो चांगला, कटआऊट नवा, आणि ट्रॅक्टर रोज संध्याकाळी विहिरीजवळच्या उतारावर लावायचा म्हणजे सकाळी ढकलून चालू करता येतो. काका हे सगळं सांगताना चिडले नव्हते, पण काकू चिडली होती, कारण ढकलायला तिलाही बोलवत होते.

शनिवारी संध्याकाळी स्कूटीवर मीटर, बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजायचा हायड्रोमीटर आणि दुकानातला छोटा चार्जर टाकून गेले. पहिलं काम बॅटरीचं, कारण मेलेल्या बॅटरीवर कुठलीही टेस्ट केली तरी आकडे खोटे येतात. टर्मिनलवर 11.9 व्होल्ट. हायड्रोमीटरने सहाही सेल बघितले, पाच जवळजवळ सारखे, एक जरा मागे. रात्रभर चार्जरवर लावली. सकाळी चार्जर काढून तासभर नुसती ठेवली, 12.6, आणि पाच सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडची घनता, 1.250 च्या आसपास, सहावा 1.220. पूर्ण चार्ज झालेल्या सेलची 1.260 ते 1.280 यायला हवी, म्हणजे पाच महिने अर्धपोटी राहून बॅटरीचं थोडं नुकसान झालेलं होतंच. पण सेल्फ फिरवण्याइतकी होती.

बॅटरी परत बसवताना एक गोष्ट दिसली. बॉडीवरून येणारी जी जाड पट्टी असते, तिचा क्लॅम्प मायनसच्या खांबावर ढिला होता आणि तो घट्ट बसावा म्हणून आत पत्र्याची एक पट्टी गुंडाळून कोंबलेली होती, बहुतेक कुठल्यातरी तेलाच्या डब्याची, कारण त्यावर अजून अर्धं पिवळं फूल दिसत होतं. आणि दुसऱ्या बाजूचा, सेल्फकडे जाणारा क्लॅम्प पेचकस घालून फाकवलेला. मी मनात म्हटलं, काय घाणेरडं काम केलंय, आणि पत्रा काढून, खांब घासून, क्लॅम्प नीट दाबून बसवला. सेल्फ मारताना बॅटरीच्या खांबापासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत आधी 0.9 व्होल्ट पडत होते, आता 0.2. म्हटलं चला, एक तरी सापडलं. पुरावा हातात धरला होता आणि मी तो साफ करून फेकून दिला.

नंतर मी माझ्या धंद्याच्या सवयीने गळती शोधायला बसले. यूपीएसमध्ये बॅटरी उतरते तर कुठेतरी काहीतरी पीत असतं, ते डोक्यात पक्कं. सगळं बंद करून मीटर सिरीजमध्ये लावला, 40 मिलिअँपिअर. शोधत गेले तर डॅशबोर्डवर भावाने पावसाळ्यात बसवलेलं मोबाइल चार्जरचं सॉकेट, त्यातला निळा दिवा कायम चालू. पण 40 मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला 1 अँपिअर-अवर, 88 ची बॅटरी त्याने तीन-चार दिवसांत उतरणार नाही, महिने लागतील. उलटा हिशोब जास्त बरोबर बसत होता: गव्हाच्या पाण्याला वीज रात्रीची, त्यामुळे रोज रात्री दोन-तीन तास 55 वॉटचे दोन हॅलोजन लावून फेऱ्या, म्हणजे 9 अँपिअरच्या वर, तीन तासांत 27-28 अँपिअर-अवर गेले, वर सेल्फ. तीन दिवसांत बॅटरी खाली. म्हणजे गळती नाहीच, भरणाच होत नाहीये. यात सकाळ गेली. काकूने पोहे आणले, वर शेव आणि जीरावन, आणि विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "काय नाही ते कळलं." तिला हे उत्तर फार आवडलं नाही.

ट्रॅक्टर चालू केला. बॅटरीवर मीटर, थ्रॉटल वाढवला. चार्जिंग होत असेल तर आकडा 13.5 च्या वर चढायला हवा. 12.4 वर बसून राहिला, आणि थ्रॉटल एका ठराविक जागी आला की कटआऊटच्या डब्यातून टर्रर्र असा आवाज, मोठ्या माशीसारखा. झाकण काढून बघितलं तर कटआऊटचे पॉइंट चिकटत-सुटत होते आणि मध्ये निळी ठिणगी. नव्या डब्याचे पॉइंट आठवड्यात काळे का होतात ते डोळ्यासमोर होतं, पण ते असे का फडफडतात ते नाही.

इथे थोडं सांगते, कारण आल्टरनेटरच्या जमान्यात हा डबा आता कोणी फारसा उघडत नाही. त्या डब्यात खरं तर दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक कटआऊट, म्हणजे दरवाजा: डायनमोचा व्होल्टेज साधारण 12.7 ते 13.3 पर्यंत पोचला की तो लागतो आणि डायनमो बॅटरीला जोडला जातो, इंजिन मंद झालं की सुटतो, नाहीतर बॅटरी उलट डायनमोत रिकामी होईल. दुसरा रेग्युलेटर, जो डायनमोच्या फील्डचा, म्हणजे आत चुंबकत्व तयार करणाऱ्या कॉइलचा, करंट कापून-जोडून व्होल्टेज आवरतो. डायनमोवर दोन टर्मिनल असतात, मोठं डी आणि लहान एफ. डी म्हणजे आउटपुट, एफ म्हणजे फील्ड कॉइलचं एक टोक, दुसरं टोक आत बॉडीला. गावात दोन्हींना मिळून कटआऊट म्हणतात त्यामुळे मिस्त्री दरवाजा खराब असताना रेग्युलेटरचा स्क्रू आवळतो, आणि त्याची किंमत पुढे आम्हीच भरली, ते नंतर.

डायनमो दोषी की डबा, हे वेगळं करायची एक जुनी टेस्ट आहे, लुकास या ब्रिटिश कंपनीच्या मॅन्युअलमधली, आणि ती इतकी सोपी आहे की पाच महिन्यांत कोणी केली नाही याचंच नवल. डायनमोवरून डी आणि एफ दोन्ही वायरी काढायच्या, त्यांची टोकं बॉडीला लागणार नाहीत अशी बांधायची. मग डायनमोच्या त्या दोन टर्मिनलांनाच उघड्या तांब्याच्या तुकड्याने एकमेकांशी जोडायचं आणि मीटर त्या तुकड्यापासून डायनमोच्या बॉडीपर्यंत. इंजिन मंद चालू करून हळूहळू वाढवायचं. चांगला डायनमो भराभर 20 व्होल्टच्या दिशेने चढतो, त्याच्या पुढे जाऊ द्यायचा नाही आणि इंजिन उगाच पळवायचं नाही, कारण या वेळी त्याला आवरायला रेग्युलेटर नसतो. नुसता अर्धा-एक व्होल्ट आला तर फील्ड कॉइल बघायची, चार-पाचवर अडकला तर आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग.

पट्टा आधीच बघितला होता, अंगठ्याने दाबून अर्धा इंच दबत होता, ठीक. फील्डचं रेझिस्टन्स मोजलं, 6.1 ओम, या जातीच्या डायनमोला 6 च्या आसपासच हवं. लाल प्रोब तांब्याच्या तुकड्यावर, काळी बॉडीवर, भावाला म्हटलं चालू कर, हळू वाढव. आकडा चढला. 6, 11, 17. तंदुरुस्त डायनमो. मी त्याला थांब म्हणणार तेवढ्यात आकड्याच्या डावीकडे ती छोटी आडवी रेघ दिसली.

मायनस 17.8.

पहिल्यांदा वाटलं मीच प्रोब उलटे लावले. बघितलं, लाल टर्मिनलवर, काळी बॉडीवर, बरोबर होते. इंजिन बंद केलं आणि तेच प्रोब तसेच धरून बॅटरीवर गेले: लाल सेल्फकडच्या केबलवर, काळी बॉडीवर. प्लस 12.5. डायनमोच्या बॉडीला प्लस, बॅटरीच्या बॉडीला मायनस. दोघं एकमेकांकडे पाठ करून उभे.

मग एकदम सगळं उलगडलं, आणि स्वतःचाच राग आला. हा ट्रॅक्टर मुळात प्लस बॉडीचा. पन्नास-साठच्या दशकातल्या ब्रिटिश डिझाइनच्या बहुतेक गाड्या आणि ट्रॅक्टर तसेच होते, बॅटरीचा प्लस चासीला आणि मायनस लाइव्ह. आज कोणी बघितलेलंच नसतं. जूनमध्ये बॅटरी बसवायला आलेल्या पोराने मायनस बॉडीला लावला, कारण दिवसभरात त्याने दहा गाड्यांत तेच केलं असणार. आता बॅटरीचा प्लसचा खांब मायनसपेक्षा जाड असतो, मुद्दाम, उलटं लागू नये म्हणून. त्यामुळे बॉडीचा क्लॅम्प, जो जाड खांबाच्या मापाचा होता, तो बारीक खांबावर ढिला पडला आणि पत्र्याची पट्टी लागली, आणि बारीक खांबाचा क्लॅम्प जाड खांबावर जाईना म्हणून फाकवला. ट्रॅक्टर नको म्हणत होता, त्यांनी जबरदस्तीने ऐकवलं.

आणि काटा! अँमीटर बॅटरी आणि बाकी लोड यांच्या मधल्या लाइव्ह वायरमध्ये बसलेला असतो. बॅटरी उलटली की त्याच वायरमधून करंट उलट्या दिशेने जातो. इंजिन बंद, लाइट चालू, म्हणजे बॅटरीतून माल बाहेर चाललाय, काट्याने मायनसकडे जायला हवं, पण तो प्लसकडे जाणार. काका पाच महिने हेच तर सांगत होते. लाइट लावले की चार्जिंग वाढतं! कुठल्या जगात लाइट लावून चार्जिंग वाढतं, आणि मी ते हसून सोडलं.

बाकी ट्रॅक्टर मात्र चालत राहिला आणि म्हणून कोणाला शंका आली नाही. सेल्फची मोटर सिरीज वाइंडिंगची, तिला प्लस-मायनस उलटून दिलं तरी त्याच दिशेने फिरते, कारण फील्ड आणि आर्मेचर दोन्ही एकदमच उलटतात. हॅलोजनला काही फरक पडत नाही. डिझेल इंजिन, इग्निशन कॉइल नाही. आल्टरनेटर असता तर डायोड पहिल्याच मिनिटाला धूर सोडून सांगून मोकळे झाले असते. डायनमो मुकाट सहन करतो.

डायनमोची प्लस-मायनस बाजू बॅटरी ठरवत नाही, त्याच्या आतलं लोखंड ठरवतं. पोलच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं, इंजिन फिरलं की त्याच्या जोरावर पहिला व्होल्ट-दीड व्होल्ट तयार होतो, तो फील्डला मिळतो, फील्ड वाढतं, व्होल्टेज वाढतो. शिल्लक चुंबकत्व ज्या बाजूचं, त्या बाजूचा डायनमो. आमच्याचं प्लस बॉडीचं. तो बिचारा उणे 13 च्या जवळ पोचला की कटआऊट लागायचा, कारण कटआऊटच्या कॉइलला बाजू कळत नाही, ओढ कळते. आणि लागला की एका बाजूला बॅटरीचे 12, दुसऱ्या बाजूला डायनमोचे उलटे 13, पॉइंटवर सरळ 25 व्होल्टचा झगडा. जोरात करंट, व्होल्टेज कोसळला, कटआऊट सुटला, डायनमो परत चढला, परत लागला. तोच टर्रर्र.

संध्याकाळी बेंचवाल्याला फोन केला. मला वाटत होतं त्याने नुसतं फिरवून दिलं असेल. तो म्हणाला, "दीदी, पुराना विलायती माल है, प्लस बॉडी का होता है, मैंने बेंच पे प्लस बॉडी करके ही चेक किया." म्हणजे त्याने अगदी पुस्तकाप्रमाणे केलं. उलट थोडंफार चुंबकत्व डळमळलं असेल तर ते त्याने परत प्लस बॉडीचं पक्कं करून दिलं. तो बरोबर, बॅटरीच्या दुकानातला लोड टेस्टर बरोबर, नवा कटआऊटसुद्धा बरोबर, आणि बॅटरी लावणारा पोरगा त्याच्या दुनियेत बरोबर. फक्त हे चौघं त्या एका ट्रॅक्टरवर कधी एकत्र आले नाहीत. त्या माणसाने नंतर फोनवर दहा मिनिटं जुन्या डायनमोंबद्दल सांगितलं, ते मी ऐकलं कारण मला त्यातलं बरंच नवीन होतं.

आता दोन रस्ते. एक, बॅटरी परत फिरवून प्लस बॉडी करायची, जे मूळ आहे आणि जुन्या वस्तूंच्या शौकीन लोकांना तेच आवडेल. दुसरा, डायनमोला मायनस बॉडीचा करायचा. पण जूननंतर भावाने मोबाइल सॉकेट लावलं होतं, मागे एक एलईडी लाइट, आणि या दोन्हींची बॉडी म्हणजे मायनस. प्लस बॉडी केली तर ते सगळं बदला, आणि पुढच्या वेळी बॅटरी लावायला येणारा परत मायनसच बॉडीला लावणार, हे पक्कं. मी दुसरा रस्ता धरला. काकांना वाईट वाटलं, "आजोबांनी आणला तेव्हा जसा होता" वगैरे, पण काकूने विषय संपवला.

डायनमोला बाजू बदलायला लावणं हे काम मिनिटाचंही नाही. डी आणि एफ दोन्ही वायरी काढलेल्या. बॅटरीच्या लाइव्ह खांबावरून, म्हणजे आता प्लसवरून, एक लांब वायर घेतली आणि तिचं टोक एफ टर्मिनलला टेकवलं, एक सेकंद, काढलं, परत टेकवलं, तीन-चार वेळा. 6 ओमचं फील्ड, 12 व्होल्ट, म्हणजे 2 अँपिअर जातो, काढताना चरचर ठिणगी दिसते, घाबरायचं नाही. घाबरायचं ते हे टोक चुकून डीला लागलं तर, तिथे आर्मेचर आहे, फार मोठा करंट ओढेल. आणि बॅटरी रात्रभर चार्ज केलेली असेल तर तिच्या तोंडाशी ठिणगी नको, आतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून पहिलं टोक बॅटरीला आधी बांधायचं आणि ठिणगी डायनमोकडे पाडायची.

परत डी-एफ जोडून, परत तीच टेस्ट, प्रोब तसेच. 5, 10, 18. रेघ नाही. भाऊ म्हणाला, "ताई, एवढंच?" एवढंच.

एवढंच नव्हतं अर्थात. कटआऊटचे पॉइंट खड्डे पडून काळे झालेले, ते बारीक काचपेपरने साफ केले आणि स्पिरिटने पुसले. रेग्युलेटरच्या पॉइंटला एमरी चालते, पण कटआऊटच्या पॉइंटला नको, ते मऊ असतात, आणि मिस्त्रीचा जाड पॉलिश पेपर तर मुळीच नको. अँमीटरच्या मागच्या दोन वायरी अदलाबदल केल्या. इंजिन चालू, थ्रॉटल वर, 13 च्या जवळ कटआऊट एक "टक" करून लागला आणि लागलेलाच राहिला, आणि काटा खऱ्या प्लसकडे 9 वर गेला, मग हळूहळू उतरत 4 वर. बंद करून लाइट लावले, काटा मायनसकडे. काका बराच वेळ लाइट लावत-बंद करत काटा बघत राहिले. रविवारी रात्री मी घरी आले आणि हे प्रकरण माझ्यासाठी संपलं होतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काकूचा फोन. बॅटरीजवळ आंबूस वास येतो, भाऊ दर तीन-चार दिवसांनी डिस्टिल्ड वॉटर टाकतोय, आणि एक हॅलोजन उडाला. सेल्फ मात्र एकदम झकास, ढकलायची भानगड संपली, पण हे काय?

परत स्कूटी. बॅटरीवर मीटर, थ्रॉटल वर: 16.1. बॅटरी उकळणारच. जे पाच महिने मिळालं नाही ते आता एकदम पाजलं जात होतं. मिस्त्रीने जुलैत जुन्या डब्याचा स्क्रू आवळला होता, आणि सप्टेंबरात नवा डबा बसवताना सवयीने त्याचाही. तेव्हा डायनमो जोडलाच जात नव्हता, त्यामुळे त्या आवळण्याचा काही परिणाम दिसला नाही, आणि मी नोव्हेंबरात काटा 4 वर उतरलेला बघून खुश होऊन गेले, अर्धा तास चालवून बॅटरीचा व्होल्टेज परत मोजला असता तर तेव्हाच कळलं असतं. ही चूक सरळ माझी.

रेग्युलेटर सेट करताना बॅटरी मधून काढावी लागते, पण चालू इंजिनवर बॅटरीची वायर सोडून नाही. कटआऊटच्या दोन पॉइंटमध्ये पोस्टकार्डाचा तुकडा सरकवला म्हणजे तो लागणार नाही. मीटर डी आणि बॉडीमध्ये. थ्रॉटल हळू वाढवला की आकडा चढतो आणि एका जागी थरथरून थांबतो, तो रेग्युलेटरचा आकडा. या पद्धतीने, म्हणजे बॅटरी न जोडता, तो साधारण 16 च्या आसपास हवा, आणि हा बॅटरीवरच्या आकड्यापेक्षा वर असतो कारण या जुन्या डब्यात करंट वाढला की व्होल्टेज आपोआप खाली येतो अशी रचना आहे. आमचा 17.9 वर थांबत होता. लॉकनट ढिला करून स्क्रू थोडा बाहेर, 17.2. थोडा अजून, 16.6. प्रत्येक वेळी अर्ध्या मिनिटात आटपायचं, नाहीतर कॉइल तापते आणि आकडा सरकतो, आपण तापलेल्या डब्यावर सेट करतो आणि थंड सकाळी तो भलतंच देतो. बंद करा, थांबा, परत चालू करा. चार वेळा करून 16 वर आणला, नट आवळला, नट आवळताना परत 16.2 झाला, परत. पोस्टकार्ड काढलं. आता बॅटरीवर, तासभर चालवून, 14.2.

झाकण लावायच्या आधी मिस्त्रीला बोलावून दाखवलं, कारण पुढच्या वेळी मी नसणार. तो जरा नाराज होऊन आला होता, माझ्याविषयी गावात काय सांगितलं गेलं होतं देव जाणे, पण पोस्टकार्डाची युक्ती त्याला आवडली आणि त्याने तो तुकडा स्वतःच्या खिशात ठेवला. बोनटच्या आतल्या बाजूला भावाने लाल ऑइलपेंटने मोठ्या अक्षरात लिहिलं, मायनस बॉडी, आणि खाली तारीख. बॅटरीच्या बॉडीच्या पट्टीला बारीक खांबाच्या मापाचा नवा क्लॅम्प लावला, सेल्फच्या केबलला जाड खांबाचा.

सहावा सेल अजून मागेच आहे, 1.230, बाकीचे 1.270. आणखी एक हिवाळा काढेल असं मला वाटतं, दोन नाही.

भावाला आता ट्रॉलीसाठी आणि कामासाठी हॅलोजन अजून दोन लावायचेत. मी त्याला तिथेच मातीत काडीने हिशोब करून दाखवला. 55 चे चार म्हणजे 220 वॉट, 12 ने भागलं की 18 अँपिअर. आपल्या डायनमोच्या पट्टीवर 11 अँपिअर लिहिलंय, तेही इंजिन पळत असताना, मंडीच्या लाइनीत ट्रॉली घेऊन मंद चालू ठेवला तर कटआऊट लागतच नाही आणि सगळं बॅटरीतून जातं. तो म्हणाला मग मोठा डायनमो लावू, मी म्हटलं एलईडी लाव, चार मिळून चाळीस-पन्नास वॉटमध्ये होतील. त्यावर त्याने विचारलं की एलईडीची लाल वायर नक्की कुठे लावायची, आणि मी त्याला बोनट उघडून वाचायला सांगितलं.